लोर्ना शोअरचा ‘पेन रिमेन्स’: इयरफोन लावूनच ऐका

लोर्ना शोअर हा अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा डेथकोर (अतिजड, किंचाळत्या आवाजाचं मेटल) बँड, २००९ पासूनचा. मी त्यांना ऐकायला लागलो २०२१ मध्ये, विल रामोस गायला लागल्यावर. ‘टू द हेलफायर’ या गाण्याच्या शेवटी त्याचा गळा जे करतो, ते माणसाचं वाटतच नाही. पण २०२२ चा ‘पेन रिमेन्स’ हा अल्बम लय मोठा आहे. शेवटची तीन गाणी म्हणजे एकच सलग दुःख. खाली ऑस्टिन आर्चीचे ड्रम तुटून पडतात, वर कोरस अन् अ‍ॅडम डी मिकोची रडणारी गिटार. रातच्या ओलिताला, पऱ्हाटीत पाणी फिरवताना मी हेच लावतो. मोबाईलच्या स्पीकरवर ऑर्केस्ट्रा पार दबतो. मधली काही गाणी सारखीच वाटतात, हे खरं. बोल मात्र आधी वाचून घ्या.