रंकाळ्यावरचा खून आणि पुण्याची गाडी

माझी सगळी नोकरी पोलीस ठाण्यात फिर्यादी लिहिण्यात गेली. त्यामुळं टीव्हीवर ही गुन्ह्यांची मालिका लागली की बायको आधीच बजावते, ‘गप बसून बघा.’ कसं बसायचं? खून कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर, ऐन संध्याकाळी, आणि आसपास चिटपाखरू नाही! भेळवाले कुठं गेले? गाडी तलावाकडं वळताना नंबर कोल्हापूरचा एमएच ०९, थांबताना पुण्याचा एमएच १२. कथा २०२५ची, तरी साहेब म्हणतात, ‘३०२ लावा.’ अहो, १ जुलै २०२४पासून घडलेल्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. पंचनामा पंचांशिवाय, डीएनएचा अहवाल चहा निवायच्या आत. हवालदार झालेला नट मात्र एक नंबर. टोपी काखेत मारून उभा राहतो, अगदी तस्सा! पाचपैकी दोन गुण, दोन्ही त्याचेच.