जुना लेझर प्रिंटर आणि नवा लॅपटॉप : आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मी इचलकरंजीत घरीच पाचवी आणि आठवीच्या शिष्यवृत्तीचे क्लास घेते. ज्यांची मुलं या परीक्षेला बसलीत त्यांना माहीत असेल की यात अर्धं काम शिकवायचं आणि अर्धं छपाईचं असतं. एका पेपरला ७५ प्रश्न, असे दोन पेपर, म्हणजे एका सराव संचाला मुलामागे सात-आठ पानं सहज लागतात, आणि असे संच वर्षभरात किती होतात ते सांगायलाच नको. बाहेरून झेरॉक्स काढत बसले तर फी त्यातच संपेल म्हणून २०१० साली ह्यांनी एक काळा-पांढरा लेझर प्रिंटर घेतला होता. तो आजही ठणठणीत आहे, टोनर इथे ३०० रुपयांत रिफील होतो आणि एका रिफीलमध्ये साधारण दोन हजार पानं निघतात. त्यामुळे तो टाकून द्यायला माझं मन अजिबात होत नव्हतं.

मे महिन्यात जुना डेस्कटॉप गेला. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत नवा लॅपटॉप घेतला, विंडोज ११ वाला, वजनाला हलका आणि बॅटरी दिवसभर टिकते म्हणून दुकानदाराने सुचवला. बॅटरी खरंच टिकते, त्याबद्दल तक्रार नाही. घरी आणून प्रिंटर जोडायला गेले तर लॅपटॉपला सगळी टाईप-सी ची भोकं, म्हणून आधी एक हब (टाईप-सी ला साधी यूएसबी जोडायचा डबा) आणला, मग प्रिंटर लावला, लॅपटॉपने टुणकन आवाज केला पण प्रिंटरच्या यादीत काही येईना. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या वस्तूंच्या यादीत, पिवळा त्रिकोण. केबल बदलली, हब बदलला, जुन्या सीडीतला ड्रायव्हर (प्रिंटर चालवायला कॉम्प्युटरला लागणारं सॉफ्टवेअर) टाकला, कंपनीच्या साइटवरून नवीन उतरवून टाकला, इन्स्टॉल अर्ध्यात जाऊन बंद पडायचं. क्लास सुरू झालेले आणि माझ्याकडे एक पान छापून देता येत नाही, अगदी रडकुंडीला आले होते.

मग एका रिपेअरवाल्याला बोलावलं. त्याने दहा मिनिटं बघितलं आणि सांगितलं की प्रिंटरचं लॉजिक कार्ड (आतलं मुख्य सर्किट) गेलंय, दुरुस्तीला अडीच हजार, त्यापेक्षा ताई नवीनच घ्या. त्याची व्हिजिट फी दिली आणि रात्रभर विचार करत बसले. एक गोष्ट मनातून जाईना, आदल्या महिन्यापर्यंत जो प्रिंटर रोज चाळीस-पन्नास पानं छापत होता त्याचं कार्ड नेमकं डेस्कटॉपबरोबरच कसं जाईल? सकाळी प्रिंटर उचलून शेजारच्या वहिनींकडे नेला, त्यांच्याकडे विंडोज ७ चा जुना कॉम्प्युटर आहे, माझीच सीडी घालून ड्रायव्हर टाकला आणि पाचव्या मिनिटाला पान बाहेर. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की कुणी प्रिंटर खराब झालाय म्हटलं की आधी तो दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा, त्यानंतर पैसे काढा.

खरं कारण माझ्या भाच्याने शोधलं. तो सांगलीला इंजिनिअरिंगला आहे, शनिवारी आला होता. त्याने सेटिंग्ज, सिस्टीम, मग अबाउट असं उघडलं आणि सिस्टीम टाईपची ओळ दाखवली, तिथे ६४ बिट आणि पुढे एआरएम प्रोसेसर असं लिहिलं होतं. तो म्हणाला, "आत्या, प्रिंटरला काही झालेलं नाही. हा मोबाईलमध्ये असतो त्या जातीचा प्रोसेसर आहे, त्याला तुझ्या प्रिंटरचा ड्रायव्हरच कुणी बनवलेला नाही." मी म्हटलं, अरे पण बाकी सगळं तर चालतंय, माझं टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअरसुद्धा चालतंय. तर झालंय असं की नेहमीच्या प्रोसेसरसाठी बनवलेली साधी सॉफ्टवेअरं विंडोज आतल्या आत भाषांतर करून चालवून घेतं, पण ड्रायव्हरच्या बाबतीत ते जमत नाही, तो एआरएमसाठी मुद्दाम बनवलेलाच लागतो. पंधरा वर्षं जुन्या मॉडेलसाठी कंपनी आता कशाला बनवेल. हे विकत घेताना कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं आणि मलाही विचारायचं सुचलं नाही, कारण असा प्रश्न असतो हेच माहीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली, ती मला फार महत्त्वाची वाटते. काही प्रिंटरना पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्टसारखी सगळीकडे चालणारी भाषा येते, त्यांना साधा जनरल ड्रायव्हरही पुरतो. माझ्या प्रिंटरसारखे स्वस्तातले प्रिंटर मात्र कॉम्प्युटरच्या जिवावर चालतात, पानाचा ठिपका न ठिपका कॉम्प्युटर तयार करतो आणि प्रिंटर फक्त तो कागदावर उमटवतो. एवढंच नाही तर माझ्या प्रिंटरचं स्वतःचं फर्मवेअर (त्याला आतून चालवणारं सॉफ्टवेअर) सुद्धा त्याच्या आत कायम राहत नाही, बटण बंद केलं की पुसलं जातं आणि चालू केल्यावर कॉम्प्युटरने पुन्हा भरायचं असतं. म्हणजे ड्रायव्हर नसेल तर तो नुसता डबा आहे. ह्यांच्या जुन्या लॅपटॉपला लावून शेअर करूनही बघितला, नाव दिसलं पण माझ्या लॅपटॉपने परत ड्रायव्हरच मागितला.

शेवटी भाच्याने रास्पबेरी पाय झिरो टू डब्ल्यू नावाचा एक छोटा कॉम्प्युटर आणला, च्युइंगगमच्या पाकिटाएवढा, ५१२ एमबी रॅमचा. आम्ही त्याला नुसतं पाय म्हणतो. पाय, मेमरी कार्ड, प्रिंटर जोडायची ओटीजी केबल आणि डबी मिळून तीन हजारांच्या आत काम झालं. त्यात लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम) आणि छपाई सांभाळणारं कप्स नावाचं सॉफ्टवेअर आहे, आणि माझ्या प्रिंटरची भाषा बोलणारा फू-टू-झेडजेएस हा फुकटचा ड्रायव्हर. हा ड्रायव्हर प्रिंटर कंपनीने बनवलेला नाही, लोकांनी हौसेने बनवून जगाला दिलाय, कोण कुठली माणसं पण माझा क्लास त्यांच्यामुळे चालू आहे, मला त्यांच्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. प्रिंटर पायला यूएसबीने जोडलेला, पाय घरच्या वायफायवर, आणि लॅपटॉपला वाटतं की हा नव्या पद्धतीचा वायफाय प्रिंटर आहे. विंडोजने नेटवर्कवरच्या प्रिंटरसाठीचा आपला तयार आयपीपी ड्रायव्हर घेतला, वेगळं काही टाकावं लागलं नाही. मोबाईलवरूनही छापता येतं, पालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर काही पाठवलं की तिथूनच प्रिंट.

मराठीची मला धाकधूक होती. पण पान लॅपटॉपवरच तयार होऊन चित्राच्या रूपात पायकडे जातं, त्यामुळे पायमध्ये मराठी फॉन्ट नसला तरी अडत नाही, जोडाक्षरं, रफार, सगळं जसंच्या तसं येतं.

आता आठ महिन्यांत काय काय झालं ते. पहिल्याच आठवड्यात प्रश्नपत्रिकेच्या शेवटच्या दोन ओळी कापल्या जायच्या आणि कधी कधी प्रिंटर नुसता लाईट लुकलुकवत थांबायचा. कारण कप्समध्ये कागद लेटर साईज धरलेला होता, तो २७९ मिलिमीटर उंच आणि आपला ए-फोर २९७. डिफॉल्ट ए-फोर केल्यापासून पुन्हा त्रास नाही. हे सेटिंग लॅपटॉपवर आणि पायवर दोन्हीकडे बघावं लागतं.

ऑगस्टमध्ये पावसात लाईट सारखी ये-जा करत होती, त्यात मेमरी कार्डावरची फाईल खराब झाली आणि पाय उठेना. तीन दिवस पेनड्राइव्ह घेऊन वहिनींकडे फेऱ्या. भाच्याने परत सगळं टाकलं आणि यावेळी कार्डाची पूर्ण कॉपी काढून ठेवली, दुसऱ्या कार्डावर. राउटरसाठी तो छोटा यूपीएस मिळतो ना, पाच व्होल्टचं भोक असलेला, त्यावर पाय लावलाय, तेव्हापासून एकदाही बंद पडलेला नाही. लाईट येऊन प्रिंटर चालू झाला की फर्मवेअर पाय आपोआप भरतो, चालू केल्यावर अर्धा मिनिट थांबायचं एवढंच.

दिवाळीत राउटर बदलला तेव्हा पुन्हा प्रिंटर गायब. या पायला २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय दिसतं, नव्या राउटरवर फक्त ५ चालू होतं. २.४ चालू करून नाव आणि पासवर्ड जुन्याचाच ठेवला की सगळं जागेवर आलं. मुख्य म्हणजे राउटरमध्ये पायचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) कायमचा बांधून घ्या, नाहीतर वायफाय बंद-चालू झालं की लॅपटॉप ऑफलाईन ऑफलाईन करत बसतो. आणि विंडोजमध्ये डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू दे असं एक बटण असतं ते बंद ठेवा, चालू असेल तर शेवटी वापरलेला प्रिंटरच डिफॉल्ट होतो आणि माझे पेपर दोनदा कागदाऐवजी पीडीएफमध्ये गेले.

ज्या गोष्टी गेल्या त्याही सांगते. पूर्वी कागद पालटून घाला असा मेसेज यायचा तो आता येत नाही, पाठपोट छापायचं तर आधी विषम पानं, मग गठ्ठा उलटा घालून सम पानं. पहिलं पान यायला पूर्वी दहा सेकंद लागायची, आता पंचवीस-तीस लागतात, आकृत्या जास्त असलेला बुद्धिमत्ता चाचणीचा संच असेल तर आणखी वेळ जातो. टोनर संपत आलाय का ते लॅपटॉपवर कळत नाही, पान फिकट दिसलं की समजायचं. ज्यांच्या घरी अशी मांडामांड करून देणारं कुणी नाही त्यांना मी हे करा असं सांगणार नाही, त्यांनी मोप्रिया (वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापता येतं याची खूण) लिहिलेला नवीन प्रिंटर घ्यावा, तो एआरएमवरही कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय चालतो.

माझा प्रिंटर आत्ता या क्षणी शेवटचा सराव संच छापतोय, बत्तीस मुलांचा. बाजूला भिंतीवर भाच्याने चिठ्ठी लावलीय, आधी राउटर, मग पाय, मग प्रिंटर. दुसरं कार्ड त्याच चिठ्ठीमागे पाकिटात ठेवलंय.