गर्दीच्या दिवशी इमॅजिका (खोपोली)

२०१३ साली सुरू झालेलं हे थीम पार्क सुट्टीच्या रविवारी तुडुंब भरतं. गेट उघडताच थेट ‘नायट्रो’ हा रोलर कोस्टर गाठा. दुपारी तीच रांग अंगावर येते. डब्याला तळ नाही, पाय अधांतरी लोंबतात, त्यामुळे चप्पल नको, घट्ट बूट हवेत. मोबाइल-चष्मा आधीच लॉकरमध्ये टाका, ऐन बसताना खिसे चाचपणारेच रांग अडवतात. ‘डीप स्पेस’ बंदिस्त, अंधारातला कोस्टर, भर उन्हासाठी राखून ठेवा. ‘राजासॉरस’ या पाण्यातल्या राइडमध्ये भिजायला होतं, शेवटी घ्या. पोरांची उंची रांगेत शिरण्यापूर्वीच मोजून घ्या. जेवण साडेअकरालाच उरका. पावसाने उघड्या राइड थांबल्या की सगळा लोंढा बंदिस्त राइडकडे वळतो, तेव्हा आकाशावर लक्ष असू द्या. भरल्या दिवशी सगळं बघायचा हट्ट म्हणजे नुसती पायपीट.