मिरचीचा स्प्रे: तीन महिने वापरून

पोरगी नागपूरच्या मिहानमध्ये, कंपन्यांच्या भागात, नोकरीला लागली आणि शिफ्ट निघाली दुपारची. सुटायला रात्रीचे 11, मग वर्धा रोडने स्कूटीवर एकटी. म्हणून सीताबर्डीच्या एका दुकानातून मिरचीचे दोन स्प्रे आणले, एक तिला, एक मला. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही, उगाच भानगड नको.

डबी हातात छान बसते, किल्लीला अडकवायला कडी आहे. वरचं लाल झाकण अर्धं फिरवून दाबायचं. घरात सोफ्यावर बसून मस्त जमतं. पण आपल्याकडच्या पोट्ट्या डोक्यापासून कोपरापर्यंत स्कार्फ अन् हातमोजे घालून गाडी चालवतात, ते विसरूनच ही डबी बनवली असावी. हातमोजा घालून पोरीने पाच वेळा प्रयत्न केला, तीनदा अंगठा घसरला.

मग म्हटलं, गच्चीवर जाऊन एकदा मारून तरी पाहू. पाकिटावर लिहिलं होतं सरळ धार, निघालं धुकं. वारा आमच्याकडेच होता. मी खोकत खाली, शेजारचे काका त्यांच्या गच्चीवरून ‘काय फोडणी दिली वहिनी?’ विचारतायत. पाण्याने तोंड धुतलं तर आग आणखी पसरली. तिखट तेलात विरघळतं, पाण्यात नाही, हे सावजी खाणाऱ्या गावाला मी काय सांगणार! साबण लावला तेव्हा कुठे उतरलं. म्हणजे माल अस्सल आहे, तक्रार फक्त नेमाची.

आईला फोनवर सांगितलं तर ती हसतच सुटली. ती मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, नर्स होती. नाइट ड्युटी असली की हनुमान नगरहून सायकलने जायची. तिच्या पर्समध्ये म्हणे कायम भिवापुरी मिरचीची पुडी असायची, पेपरच्या कागदात बांधलेली. दर पोळ्याला नवी. मी ती पर्स शंभरदा उचकली असेल, चॉकलेटसाठी. पुडी पाहिल्याचंही आठवतं, पण मला वाटायचं डब्याबरोबरचं तिखट आहे.

आणि मी स्टाफरूममध्ये वीस वर्षं सांगून राहिली की आमच्या लहानपणी नागपुरात बाई मध्यरात्री एकटी फिरायची!

‘कधी वापरली का गं?’

‘एकदा,’ म्हणाली, आणि नळ आला म्हणून फोन ठेवला.

2004 च्या ऑगस्टचा एक दिवस मात्र पक्का आठवतो. कस्तुरबा नगरच्या बायकांनी त्यांच्या वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला भर कोर्टात ठार मारलं, डोळ्यांत मिरचीपूड टाकून. आई म्हणाली, शेवटी बायकांनाच करावं लागलं. बाबा कोर्टातून कारकून म्हणून रिटायर झालेले. ते म्हणाले, मग कोर्ट कशाला ठेवलं? दोन दिवस घरात बोलणं बंद. मी तेव्हाही ठरवू शकले नाही कोण बरोबर, आजही नाही. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहेच, आधी भारतीय दंड संहितेत 96 ते 106, आता भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 कलमं. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. त्या बायका सांगत होत्या की पोलीस ऐकतच नव्हते. तो वेळ कायद्यात कसा मोजतात, हे बाबांना विचारायचं राहून गेलं.

परवा विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या बंदोबस्तात पर्स तपासली, स्प्रे निघाला. लेडी कॉन्स्टेबल म्हणाली, हे इथे ठेवा, जाताना घ्या. मी म्हटलं, बाई, लोकसभेत 2014 मध्ये एका खासदारानेच मारला होता, तेलंगणाच्या बिलावरून. तेलंगणाचं राज्य तरी झालं! आमचं विदर्भ 1955 मध्ये राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगाने वेगळं राज्य करा सांगूनही लटकून आहे. ती हसली. म्हणाली, ताई, माझ्याही पर्समध्ये आहे. जाताना आठवणीने परत दिला.

घ्यायचा असेल तर धारेचा मागा, धुक्याचा नको, आणि तारीख बघा. डबीवर 50 अंशांच्या वर ठेवू नका असं बारीक अक्षरात आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या स्कूटीची डिक्की काय तापते ते आपल्याला ठाऊक आहे, तिथे अजिबात नको. दुकानात बदलून मागायला गेले तर ‘फवारलेला माल परत नाही’. पाचपैकी तीन देते.

पोरीने हातमोज्याचा अंगठा कापलाय. आईने भिवापूरहून अर्धा किलो मिरची मागवली आहे, भाजीसाठी म्हणते.