एटीव्हीचा स्टार्टर रिले: ओरिजिनल घ्यावा की बाजारातला?

बटण दाबलं की नुसतं 'टक' होतं आणि इंजिन गप्प. नागावच्या किनाऱ्यावर दिवसभर खाऱ्या वाळूत पळणाऱ्या एटीव्हींचं (वाळू-मातीत चालणाऱ्या चारचाकी बाईकचं) हे नेहमीचं दुखणं. पण थेट रिलेला, म्हणजे बॅटरीचा करंट स्टार्टर मोटरला जोडणाऱ्या स्विचला, दोष देऊ नका. आधी बॅटरी बघा. पूर्ण चार्ज असेल तर सुमारे 12.6 व्होल्ट दिसतील. मग सेल्फ मारताना रिलेच्या दोन जाड टर्मिनलांवर मल्टिमीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त आकडा आला, तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत.

ओरिजिनल रिले महाग, शिवाय मागवून वाट बघावी लागते. पण सॉकेट बिनबोभाट बसतं. होंडाच्या बऱ्याच मॉडेलांत मेन फ्यूजही रिलेतच असतो, तिथे दुसरा काही बसवणं म्हणजे वायरिंग कापणं आलं.

बाजारातला रिले स्वस्त आणि लगेच मिळतो. मात्र काहींत कॉइलला (रिले ओढणाऱ्या आतल्या गुंडाळीला) दोन वायरी असतात, काहींत अर्थ बॉडीतून जातो. चुकीचा आणलात तर 'टक'सुद्धा होणार नाही. टर्मिनलला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर आत लोखंड आहे, वरचा तांब्याचा रंग फक्त मुलामा. हलके कॉन्टॅक्ट कधी एकमेकांना चिकटतात आणि बटण सोडलं तरी स्टार्टर फिरतच राहतो. ते फार वाईट.

किनाऱ्यावर धंद्याला गाडी असेल तर मी ओरिजिनलच घेईन. शेतावर अधूनमधून फिरवायला बाजारातलाही चालेल.

बसवताना निगेटिव्ह वायर आधी काढा, शेवटी जोडा.