पीपीएफ आणि निफ्टी फंड: कोल्हापुरी खिशातून कुठं किती?

पीपीएफ म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, सरकारी हमीचं १५ वर्षांचं बचत खातं. त्यावरचं एजंटांचं कमिशन डिसेंबर २०११ पासून बंद आहे, म्हणून हे खातं घरी येऊन कुणी गळ्यात मारत नाही. तरी करमुक्त, खात्रीची रोकड साठवायला याच्या तोडीचं खातं सापडणं अवघड. एप्रिल २०२० पासून व्याजदर ७.१ टक्के, आणि व्याजावर कर शून्य. नवी करप्रणाली घेतली तर ८० सी ची वजावट (भरलेल्या रकमेवरची करसवलत) जाते, व्याज मात्र करमुक्तच राहतं.

पोस्टात किंवा बँकेत फॉर्म १, आधार, पॅन आणि फोटो दिला की खातं निघतं. वर्षाला किमान ५००, कमाल दीड लाख. पोराच्या नावानं दुसरं खातं काढलं म्हणून मर्यादा दुप्पट होत नाही. पालक आणि मूल मिळून दीड लाखच. जादा रकमेवर दमडी व्याज नाही.

खरी मेख तारखेत आहे. ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात. दीड लाख ५ एप्रिलपर्यंत भरले तर वर्षाचं व्याज १०,६५० रुपये. एक दिवस उशीर झाला की त्यातले ८८७ रुपये ५० पैसे गेले. चेक दिला तर तो वटल्याची तारीख धरतात, त्यामुळं ४ तारखेला चेक टाकून निर्धास्त बसू नये. ऊसबिल मार्चअखेर हातात पडलं, तर चालू वर्षाचे दीड लाख ३१ मार्चच्या आत आणि पुढच्या वर्षाचे ५ एप्रिलपर्यंत भरावेत. आठवड्याभरात तीन लाख बसतात, तेही नियमात.

दवाखान्याचा पैसा मात्र इथं नको. तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात फक्त कर्ज मिळतं, पैसे काढायची सोय सातव्या वर्षापासून आणि तीही निम्म्यापर्यंतच. सहा महिन्यांचा घरखर्च आधी बँकेत बाजूला ठेवा. पतसंस्था अर्धा टक्का जास्त देते म्हणून तो तिकडं हलवू नका. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही.

आता शेअर. एकेक शेअर निवडायचा नाद सोडून निफ्टी ५० चा इंडेक्स फंड घ्यावा, म्हणजे त्या निर्देशांकातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड. त्यातही डायरेक्ट प्लॅन (थेट फंड कंपनीकडून), ग्रोथ पर्याय (नफा वाटला न जाता फंडातच राहतो). रेग्युलर प्लॅनमध्ये वितरकाचं कमिशन दरवर्षी तुमच्याच पैशातून जातं. २००८ साली निफ्टी निम्म्याहून खाली आला, २०२० च्या जानेवारी ते मार्चमध्ये ३८ टक्के. ज्या पैशाची सात वर्षांच्या आत गरज आहे, तो इथं टाकणं चूकच. वर्षाहून जुन्या युनिटांवर (फंडातल्या तुमच्या हिश्श्यांवर) आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, पुढं साडेबारा टक्के. वर्षाच्या आत विकलं तर २० टक्के. म्हणजे वर्षाहून जास्त थांबणाऱ्या लहान गुंतवणूकदाराला इथंही कर जवळपास लागत नाही. मार्चमध्ये तेवढा नफा काढून पुन्हा युनिटं घेता येतात, फक्त नव्या युनिटांचं वर्ष पहिल्यापासून मोजतात.

वाटणी वयावर नको, कमाईच्या प्रकारावर हवी. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत पगारी असणाऱ्याचा पीएफ आधीच कापला जातो, आणि पीएफ म्हणजे पीपीएफचाच थोरला भाऊ. त्यानं महिन्याच्या १०,००० बचतीतले ७,००० फंडात टाकले तरी चालेल. शाहूपुरीतल्या गूळ व्यापाऱ्याचं उलटं: त्याचा धंदाच भावाच्या चढउतारावर, पीएफ नाही, तेव्हा ७,००० पीपीएफमध्ये. भिशी दोघांनीही बचतीत धरू नये, ती उसनवारीची सोय आहे.

१५ वर्षांनी पीपीएफ खातं चालू ठेवायचं असेल तर मुदत संपल्यापासून एका वर्षात फॉर्म ४ द्यावा लागतो, मग पाच वर्षांची वाढ मिळते. फॉर्म राहिला तर जुन्या रकमेवर व्याज येत राहतं, पण नवा रुपया भरता येत नाही.