वसई की चौल-रेवदंडा?

मुंबईहून निघून पोर्तुगीजांचं एखादं जुनं बंदर पाहायचं आणि जेवायचंही तिथलंच, असं ठरवलं की ही दोन नावं पुढे येतात. पहिल्यांदाच जाणार असाल आणि संध्याकाळी परतायचं असेल, तर मी वसईच सांगेन.

कारण वसईच्या किल्ल्यात अजून पुष्कळ काही उभं आहे. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि पुढच्या दोनशे वर्षांत त्यांनी तटाच्या आत अख्खं शहर वसवलं. छपरं गेली, पण चर्चच्या भिंती, कमानी, सेंट जोसेफचा मनोरा जागेवर आहेत. गोन्सालो गार्सिया याच वसईचे. 1597 मध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर चढवलं, 1862 मध्ये संतपद मिळालं. त्यांच्या नावाच्या चर्चमध्ये उभं राहिलं की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. तिथून थोडं चाललं की नागेश्वराचं देऊळ. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि इथल्या चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. भीमाशंकरला टांगलेली घंटा पाहिली असेल तर हा मोकळा मनोरा वेगळाच दिसतो.

रेवदंड्याचं तसं नाही. तिथे तट गावाभोवती आहे आणि अवशेष माडांच्या वाड्यांत विखुरलेत. सातखणी मनोऱ्याचे सगळे खण आता उरलेले नाहीत. शेजारचं चौल तर पोर्तुगीजांच्याही कितीतरी आधीचं: पहिल्या शतकातले ग्रीक व्यापारी या बंदराचं नाव जाणत होते, पंधराव्या शतकात रशियन व्यापारी निकितिन इथे उतरला. मात्र त्या वैभवातलं डोळ्यांना फार थोडं दिसतं. आधी वाचून गेलात तरच चौल बोलतं. नुसतं फिरायला गेलात तर शांत कोकणी गाव पाहून परत याल, आणि मला ते फार वाईट वाटतं.

या बाजूची एक गोष्ट मात्र वसईकडे नाही. कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशी लोक आजही पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून घडलेली बोली बोलतात. तिला ते 'नॉ लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. भिंतींपेक्षा मला हा अवशेष मोठा वाटतो. त्यासाठी मुक्काम हवा. कोर्लईचा चढ आणि चौलची देवळं एका दिवसात बसवू नका.

जेवणात वसईची खरी चव, म्हणजे तिथल्या सामवेदी ख्रिस्ती समाजाच्या घरांतलं इंद्याल (आंबट-तिखट मटण) आणि फुगे (तळलेले गोल पाव), हॉटेलात सहसा सापडत नाही. ओळख असेल तर हक्काने आमंत्रण मागा. नसेल तर आगाशीचं भुजिंग खा, भाजलेली कोंबडी नि पोहे, आणि परतताना सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घ्या. रेवदंड्याकडे ताजी मासळी सहज मिळते, पण जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी असते, तेव्हा त्या आशेने जाऊ नका.

जायचं तर थंडीत. वालाच्या शेंगा भरल्या की त्या भागात पोपटी लागते: मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला, त्यात शेंगा, अंडी, कोंबडी, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. पोपटीचं आमंत्रण आलं, तर मी वर दिलेला सल्ला बाजूला ठेवा आणि रेवदंड्याला मुक्कामी जा.